मास्तरांच्या बाजूचा आरसा

९ जानेवारी

दुपारी जेवताना बटाटा अडकला. उकडून लोणी लावलेला बटाटा, जो दात पडलेली माणसंही बिनबोभाट खातात. छातीच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि पुढे सरकेना. वरून पाणी प्यालो तर पाणीच परत आलं. ही समोर बसली होती. "काय झालं?" म्हणाली. "घाई केली," मी म्हणालो. गाडी शिकवताना जन्मभर मी लोकांना 'घाई करू नका' सांगत आलो, तेव्हा हिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

हे लिहायला घेतलं ते बटाट्यामुळे नाही. स्वरयंत्र गेलेल्यांना मी बोलायला शिकवतो, त्या वर्गातल्या नव्या लोकांना मी सांगतो, बोलता येत नाही तोवर रोज चार ओळी लिहा, नाहीतर शब्द डोक्यात साचतात आणि माणूस घरच्यांवर डाफरायला लागतो. मी स्वतः कधी लिहिलं नाही. पण महिनाभर माझाच आवाज नीट लागत नाहीये, म्हणून आता मीच माझा विद्यार्थी.

उद्या हे कोणाच्या हाती लागलं तर कळावं म्हणून सांगतो. अकरा वर्षांपूर्वी मला स्वरयंत्राचा कॅन्सर झाला आणि स्वरयंत्र काढलं. तेव्हापासून श्वास गळ्याखालच्या भोकातून, आणि बोलणं अन्ननलिकेतून. तोंडातली हवा जिभेने मागे ढकलायची, अन्ननलिकेच्या तोंडाशी क्षणभर थोपवायची आणि परत येताना तिच्यावर शब्द चढवायचे. थोडक्यात ढेकर, पण शिस्तीतला. शिकायला वर्ष गेलं. शिट्टी आणि गरम चहावरची फुंकर कायमची गेली, बाकी बहुतेक सगळं परत मिळवलं. शेजारीपाजारी माझ्या माघारी मला 'बेडूक' म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्यातल्या निम्म्यांना गाडी मीच शिकवली, आणि ते कशी चालवतात तेही मला ठाऊक आहे, त्यामुळे मी मनावर घेत नाही.

२१ जानेवारी

आज वर्ग. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, कपडे धुण्याच्या खोलीला लागून आम्हाला एक खोली दिली आहे. भिंतीपलीकडे धुलाईची यंत्रं दिवसभर घरघरतात, त्यामुळे आमच्या ढेकरांचा कोणाला त्रास होत नाही. स्वरयंत्र काढलेली माणसं येतात, मी त्यांना बोलायला शिकवतो.

सध्याचा सगळ्यात हट्टी विद्यार्थी म्हणजे कंडक्टर. आयुष्यभर बसमध्ये ओरडला, आणि आता इतके महिने झाले तरी तोंडातून एक फुसकं अक्षर निघत नाही. गळ्यात पाटी अडकवून येतो. खडूने लिहितो आणि बाहीने पुसतो, म्हणून त्याची एक बाही कायम पांढरी.

क, ट, त, प आधी शिकवायचे, कारण ते म्हणताना हवा आपसूक मागे ढकलली जाते. मी म्हणून दाखवलं, "काका." पहिला 'का' लागला, दुसरा वाटेतच विरला. कंडक्टरने पाटीवर लिहिलं, 'मास्तर, गिअर अडकला.' सगळे हसले. आम्ही हसतो तेव्हा आवाज होत नाही, नुसते खांदे हलतात.

सराव कमी पडतोय, दुसरं काय. उद्यापासून सकाळी न्हाणीघरात नळ सोडून अर्धा तास.

४ फेब्रुवारी

पकडला गेलो.

पावाचे तुकडे उतरत नव्हते, ते मी हिची पाठ वळली की खिडकीतल्या कुंडीत मातीखाली दडवत होतो. मुंग्यांनी चहाडी केली. हिने खुरप्याने माती उकरली आणि एकेक तुकडा काढून वर्तमानपत्रावर मांडला. मग मला बोलावलं.

"हे कधीपासून?"

"गळ्याला रेडिएशन झालंय ना, नळी आखडते अधूनमधून. सराव करतोय. मोकळी होईल."

"कसला सराव? खाण्याचा?"

"बोलण्याचा."

"अहो, घास उतरत नाही आणि तुम्ही सकाळी उठून ढेकर काढत बसलात?"

पुन्हा काही दुखणं असेल हे मनात आलंच नव्हतं असं नाही. पण आवाज बिघडला की आधी तंत्र तपासा, हे मीच सगळ्यांना शिकवतो, आणि तेच घोकत बसलो. माझ्या जागी दुसरा कोणी साधा, गळ्याने बोलणारा माणूस असता तर महिन्यापूर्वीच डॉक्टरकडे गेला असता. हिने पर्स उचलली आणि चप्पल घातली. "चला," एवढंच म्हणाली.

११ फेब्रुवारी

तोंडातून दुर्बीण घालून आत पाहिलं. तुकडा तपासायला पाठवला आहे. दुर्बीण घालणारा डॉक्टर गाडीचा माझा जुना विद्यार्थी निघाला. "मास्तर, आता तुम्ही शांत राहायचं, आज ब्रेक माझ्या पायाखाली," म्हणाला. बरा शिकवला होता मी त्याला. त्याचा हात हलका आहे.

पण दुर्बीण बाहेर काढल्यावर तो गमतीचं काही बोलला नाही.

१९ फेब्रुवारी

कॅन्सरच आहे.

सर्जनबाई माझ्या लेकीच्या वयाच्या आहेत. मला काका म्हणतात. आधी खुर्ची जवळ ओढून बसल्या, मग बोलायला लागल्या. हिने विचारलं, "जुनाच परत आला का?"

"नाही मावशी. जुना संपला. हा नवा आहे, वेगळा, अन्ननलिकेचा स्वतःचा. सिगारेटच्या ज्या धुराने तेव्हा गळा बिघडवला, त्याच धुराने इथेही काम करून ठेवलं होतं. गळ्याचा झालेल्यांमध्ये असं काही वेळा दिसतं."

म्हणजे एकाच मालकाचं दुसरं दुकान. मी तसं म्हणालो. त्या हसल्या आणि कागदावर माझी नळी काढून दाखवली. गाठ छातीच्या मध्यावर आहे, गळ्याला पूर्वी जिथे रेडिएशन दिलं त्याच्या बरीच खाली, म्हणून तिथे रेडिएशन देता येईल. पाच-सहा आठवडे रेडिएशन, जोडीला केमो. मग अंगात ताकद भरली की ऑपरेशन. अन्ननलिका काढायची, जठराची नळी करून वर ओढायची आणि गळ्यात जोडायची.

"गळ्यात कुठे?" मी विचारलं.

"तुमचा आवाज जिथून निघतो, साधारण तिथेच."

"मग आवाज?"

बाईंनी नजर वळवली नाही. "बहुतेक जाईल, काका. काहींना पुढे थोडाफार येतो. पण मी वचन देणार नाही."

"आणि ऑपरेशन केलंच नाही तर?"

"नुसत्या केमो-रेडिएशनवर थांबता येतं. पण परत उगवण्याची शक्यता बरीच जास्त राहते. माझा सल्ला विचाराल तर ऑपरेशन. आज उत्तर नको. आधीचे उपचार संपेपर्यंत विचार करा."

तेवढ्यात हिने एक विचित्रच प्रश्न विचारला. "पण डॉक्टर, यांचं तोंड हलेल ना? ओठ, जीभ वगैरे?"

"हो, ते सगळं आहे तसंच राहील."

"मग ठीक," ही म्हणाली, आणि पर्सची चेन लावली.

काय ठीक? तोंड माशाचंही हलतं.

२० फेब्रुवारी

ठरवलं. केमो घेईन, रेडिएशन घेईन, ऑपरेशन नाही.

आवाज एकदा दिलाय. तेव्हाचं ते वर्ष मला आठवतं. लोक माझ्याशी बोलायचे सोडून हिच्याशी बोलायचे. मी समोर बसलेला असताना "यांना चहा चालतो का?" असं हिला विचारायचे. गळ्याला लावून बोलायचं यंत्र येतं, तेही तेव्हा वापरून पाहिलं. पण रेडिएशनने माझी मान लाकडासारखी झाली आहे, त्यातून नुसता भुंग्याचा गुणगुणाट येतो. तोंडात नळी धरायचं दुसरं एक येतं, ते लाळेने भरतं. माझ्याजवळ अन्ननलिका हा एकच आवाज उरलाय. तीही काढून द्यायची आणि मग बसायचं घरात सोफ्याला शोभा म्हणून?

हिला सांगितलं. वाटलं होतं रडेल, भांडेल. "बरं," म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

इतकं सोपं 'बरं' मला आवडलं नाही.

१५ मार्च

उपचार सुरू झाले. लेक रजा घेऊन आली आहे, ती रोज गाडीने नेते. गाडी शिकवणीचीच, दुहेरी ब्रेकची. लेकीला मीच शिकवलं, त्यामुळे तिची चूक दिसली की दुप्पट त्रास होतो. मी मागे उशीला टेकून, लेक चालवायला, आणि ही पुढे मास्तरांच्या जागेवर. हिला मी कधीकाळी गाडी शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी ही चौकात गाडीतून उतरली आणि चालत घरी गेली. तेव्हापासून त्या विषयावर आमच्यात बोलणं नाही.

१७ मार्च

घरात काहीतरी बिनसलंय. टीव्हीचा आवाज गेला. ही आवाज नसलेल्या टीव्हीसमोर बातम्या बघत बसली होती, नाकाला टीव्ही लागेल इतकी जवळ. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने रिमोटचं एक बटण दाबलं, आवाज आला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी हिच्याकडे. ही म्हणाली, "अगंबाई, हो का?"

आणि मी बोलायला लागलो की ही मिक्सर लावते. मिक्सर नसेल तर नळ सोडते. मग "काय म्हणालात?" करून तोंडाकडे बघत राहते. एका वाक्याला मला आता तीनदा हवा ढकलावी लागते, आणि त्यात ही 'पुन्हा म्हणा' म्हणते.

जेवणाच्या टेबलाची माझी जागासुद्धा बदलली. इतकी वर्षं मी खिडकीला पाठ करून बसतो. आता म्हणे इकडे बसा, उजेडाकडे तोंड करून. "घास नीट दिसतो," म्हणाली. घास मला बघायचाय की हिला?

२५ मार्च

हिच्या कानात कापूस सापडला! दोन्ही कानांत. चांगले बोळे करून कोंबलेले. मी दाराशी उभा राहून हाक मारत होतो आणि ही आपली ढिम्म. कान दुखतात का विचारलं तर म्हणे, "थोडेसे."

माझं दुखणं काढता काढता हिचं राहून गेलं. मनाला लागलं. उद्या हिला कानाच्या डॉक्टरकडे नेतो. मला रेडिएशन आहेच, त्याच इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर.

२६ मार्च

कानाचे डॉक्टर म्हणाले, "यांचे कान विशीतल्या मुलीसारखे आहेत. काळजी करू नका."

कशी करू नको? कान चांगले, आणि तरी ऐकू येत नाही, याचा अर्थ एकच. हिला ऐकायचं नाहीये. अकरा वर्षं हा ढेकर ऐकला, आता विटली असेल. मी ऑपरेशन नाकारून जो आवाज वाचवतोय तो हिला नकोसा झालाय. परतताना गाडीत मी एक शब्द बोललो नाही. लेकीने दोनदा उशिरा ब्रेक मारला, तरीसुद्धा.

ठीक आहे. घरी नको असेल तर नको. वर्गात तरी हवाय.

३ एप्रिल

गिळताना आगीचा लोळ जातो. पाणी, दूध, सूप, सगळं तिखट लागतं. छातीची कातडी आतून सोलल्यासारखी. बाई म्हणाल्या, रेडिएशनने नळी आतून भाजते, अपेक्षित आहे, उपचार संपल्यावर उतरेल. अपेक्षित म्हटल्याने दुखायचं कमी होत नाही, पण तरी बरं वाटतं.

आज मेहुणीचा, हिच्या मोठ्या बहिणीचा फोन. "अहो, तिला म्हणावं ये की एकदा, कितीतरी दिवसांत फिरकली नाही." आणि ही दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी बहिणीकडे जाते म्हणून सांगून जाते! आता आलं लक्षात. माझ्या केसचे कागद घेऊन ही दुसऱ्या डॉक्टरांची मतं घेत हिंडतेय. मी विचारलं नाही. माझ्या भल्यासाठीच करत असेल, पण सांगून करावं माणसाने.

९ एप्रिल

हिने मिशी काढायला सांगितली.

माझी मिशी! पहिला परवाना मिळाला तेव्हापासूनची. भरघोस, ओठांवर उतरलेली. लग्नाच्या फोटोत आहे, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवरच्या चित्रात आहे. गळ्यातलं स्वरयंत्र गेलं तेव्हाही मिशीला धक्का लागला नव्हता.

"सूप लागतं तिला," ही म्हणाली.

"मग पुसतो."

"पुसायला वाकता तेव्हा दुखतं तुम्हाला. काढा ना."

"नाही काढणार."

ही तशीच उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं. कॅन्सर ऐकून ही रडली नाही, माझं 'ऑपरेशन नाही' ऐकून रडली नाही, आणि आता मिशीसाठी रडते. बायकांचं मला काही कळत नाही. शेवटी हिच्या हातात कात्री दिली. हिने आधी कातरली, मग साबण लावून वस्तऱ्याने साफ केली, अगदी हलक्या हाताने. आरशात एक ओळखीचा नसलेला, घाबरट तोंडाचा माणूस दिसला. हिने मात्र माझा वरचा ओठ असा निरखून बघितला की मला लाजल्यासारखं झालं.

१९ एप्रिल

आवाज गेला.

परवा सकाळी हवा ढकलली तर आत जाईचना. नळी सुजलीय. बाई म्हणाल्या, तात्पुरतं आहे, काही आठवड्यांत येईल. मी मान हलवली. मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. ऑपरेशन नको म्हटलं ते ज्या भीतीने, ती भीती ऑपरेशनशिवायच घरात येऊन बसली.

खूप भीती वाटतेय. मरायची आहेच. पण त्याहून जास्त, जिवंत असून कोणाच्या लेखी नसण्याची. हे मी हिला सांगू शकत नाही, आणि आता तर सांगायला आवाजही नाही.

कंडक्टरने त्याची पाटी माझ्यासाठी धाडून दिली. खडू आणि एक जुनी बाही फाडून केलेलं फडकंसुद्धा.

२६ एप्रिल

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

शेवटचं रेडिएशन संपवून घरी येत होतो. लेक चालवत होती, ही पुढे मास्तरांच्या जागेवर, मी मागे. पाटी घरी राहिली होती. इस्पितळाजवळचा चढ संपला, सपाट रस्ता आला, तरी लेक आपली दुसऱ्याच गिअरमध्ये. इंजिन कोकलतंय. आवाज नाही हे विसरून सवयीने माझे ओठ हलले: तिसरा टाक गं बाई, इंजिन रडतंय.

पुढून ही म्हणाली, "बाबा म्हणतायत तिसरा टाक, इंजिन रडतंय."

लेकीने तिसरा टाकला.

मला वाटलं योगायोग. हिने मागे वळूनही बघितलं नव्हतं. मग मी वर पाहिलं. शिकवणीच्या गाडीत दोन आरसे असतात, एक शिकणाऱ्याचा, एक मास्तरांचा. मास्तरांच्या बाजूच्या आरशात हिचे डोळे होते, आणि ते माझ्या तोंडावर होते.

मी ओठ हलवले: सकाळच्या सुपात मीठ नव्हतं.

"मीठ होतं. तुमच्या जिभेला चव नाही."

कान बरे आहेत ना तुझे?

"डॉक्टरांनी सांगितलं ना तुमच्यासमोर. विशीतल्या मुलीसारखे."

मग मी आणखी एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही. हिला तेही कळलं, कारण कानांच्या पाळ्या लाल झाल्या आणि ही म्हणाली, "गाडीत लेक आहे." लेकीने गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागली. गाडी बंद करताना गिअर न्यूट्रलला घेतला नाही, पण मी काही म्हणालो नाही.

घरी आल्यावर हिने सगळं सांगितलं. बाजारामागे बहिऱ्या मुलांची शाळा आहे. तिथल्या एक निवृत्त बाई ओठ वाचायला शिकवतात. बुधवार आणि शनिवार. तिथे ही एकटीच मोठी, बाकी सगळी सात-आठ वर्षांची पोरं, आणि सगळी हिच्यापेक्षा हुशार. टीव्ही, मिक्सर, कापूस, उजेडाची खुर्ची, सगळा गृहपाठ. लेकीला माहीत होतं. मलाच तेवढं नव्हतं.

"आणि तुमची ती मिशी!" ही म्हणाली. "अर्धी वाक्यं तिच्यात अडकायची. प, ब आणि म तर एकसारखेच दिसतात, ते अंदाजाने घ्यावे लागतात. दुसऱ्या कोणाचं मला नाही जमणार. पण तुम्ही काय बोलणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून सोपं जातं."

मी पाटी घेतली नाही. ओठांनीच विचारलं, आधी का नाही सांगितलंस?

हिने हातातल्या फडक्याची घडी केली. "जमलं नसतं तर? तुम्हाला आशा लावून ठेवायची आणि मग जमायचं नाही, असं नको होतं. ऑपरेशन करा म्हणून मी मागे लागले असते, तर तुम्ही हट्टाने नाहीच म्हणाला असता. तुम्ही मुके व्हायला घाबरला होतात. मीसुद्धा घाबरले होते, घरात एकटीच बडबडत बसायला. तुमची भीती माझ्या हातात नव्हती. माझी होती, तर म्हटलं तेवढी तरी घालवावी."

मी हिला काय काय समजत होतो! विटली, कंटाळली, चोरून डॉक्टर शोधतेय. ते सगळं वर लिहिलेलं आहे. खोडणार नाही, राहू दे.

४ मे

सर्जनबाईंना सांगितलं, ऑपरेशन करा. मी ओठ हलवले, हिने मोठ्याने म्हटलं. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाल्या, "यांनी खरंच असं म्हटलं का मावशी, की तुमच्या मनचं आहे?" मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'खरंच.'

१ जून

आवाज आला परत. फाटका आहे, पण आहे. पातळ खाणं उतरतंय, वजन जरा वाढलं.

वर्गात गेलो आणि सगळ्यांना सांगितलं, की महिन्याभरात ऑपरेशन, त्यानंतर बहुधा हा आवाज नसेल. कंडक्टर उठला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला, गाल फुगवले, डोळे वटारले, चेहरा लालबुंद झाला. मी म्हटलं, "गिळू नकोस, ढकल." आणि त्याच्या तोंडातून निघालं, "तिकीट."

स्पष्ट. तिन्ही अक्षरं. धुलाईच्या यंत्रांवरून सगळ्यांना ऐकू गेलं. मग तो थांबेचना. खोलीभर फिरून प्रत्येकासमोर हात पसरून, "तिकीट. तिकीट." आम्ही खिशात हात घालून तिकीट शोधल्यासारखं केलं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. ऑपरेशननंतर वर्ग त्याने चालवायचा असं मी जाहीर करून टाकलं. तो घाबरून परत मुका झाला.

२९ जून

उद्या सकाळी ऑपरेशन. खोलीत दोन खाटा, दुसरी रिकामी. संध्याकाळी लेक भेटून गेली. मग ही आणि मी.

मी काहीतरी बोलायला लागलो, गेल्या काही महिन्यांच्या सवयीने हिच्याकडे तोंड करून. हिने हात वर केला. "थांबा." उठली, खुर्ची उचलली, खिडकीकडे फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"आता बोला," म्हणाली. "आज बघणार नाही. नुसतं ऐकणार."

इतका मोठा प्रसंग आणि डोकं रिकामं. मग म्हटलं, "आधी आरसे नीट कर. सीट पुढे घे. क्लच पूर्ण दाब." हिचे खांदे हलायला लागले. पूर्वी अपुरा राहिलेला तो धडा मी हिला पहिल्यापासून शिकवला. चौकात आल्यावर सांगितलं, इथे उतरून घरी जायचं नाही. ही म्हणाली, "नाही उतरत." मग इतर गोष्टी बोललो, साध्याच. कुंडीत नवी माती घाल. लेकीला सांग, गाडी उभी केली की न्यूट्रल. आणि गाडीत लेकीसमोर नुसत्या ओठांनी म्हटलेलं ते वाक्य, तेही मोठ्याने म्हटलं. आवाज फाटत होता, हवा संपत होती, पुन्हा ढकलत होतो. नर्स येऊन दारातूनच परत गेली.

शेवटी हवा आत जाईना तेव्हा थांबलो. ही पाठमोरीच होती. मग म्हणाली, "झालं. ठेवलं मी."

२१ जुलै

खाटेवर पडून लिहितोय, अक्षर वाकडं येतंय. अतिदक्षता विभागातून साध्या खोलीत आणलं. मधे गळ्यातला जोड थोडा गळत होता, तो आपोआप भरत आलाय. पोटातल्या नळीतून खाणं चालू आहे. बाई सांगून गेल्या, काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत, पुढे तपासण्या चालू ठेवायच्या. आवाजाबद्दल मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही. हवा ढकलून पाहिली. ती कुठेतरी जाते आणि परत येत नाही.

कंडक्टर भेटायला आला होता. वर्गाला दोन नवे आले म्हणाला. 'दोन' नीट आलं नाही, बोटांनी दाखवलं.

दुपारी ही खाटेशी बसून माझी दाढी करत होती. इतक्या दिवसांत गालांवर खुंट वाढले होते, वरच्या ओठावरही. ही गाल उरकून ओठाशी आली तेव्हा मी हिचा हात धरला आणि ओठ हलवले: मिशी ठेवू का परत?

"मुळीच नाही," ही म्हणाली. "मला ऐकू येणार नाही."